सलग बेल

ठोक्याच्या नव्या अल्बममध्ये ठोका नव्हता. एवढंच झालं होतं, पण तेवढ्यावरून लोक एकमेकांची उणीदुणी काढायला लागले.

ठोक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी हाताला लागेल ते बडवत बसायचा. ताट, पत्र्याची पेटी, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, काही सोडलं नाही. म्हणून बापाने ठेवलेलं नाव. पुढे तो कॉम्प्युटरवर संगीत करायला लागला आणि लोक त्यावर घामाघूम होईपर्यंत नाचायला लागले, तेव्हा त्याने तेच नाव पोस्टरवर लावलं. त्याची एक ठरलेली रीत होती. आधी बारीक सूर, मग हळूहळू चढत जाणारा गोंगाट, मग एक क्षण सगळं चिडीचूप, आणि मग ठोका. छातीत बुक्की बसावी तसा. त्या बुक्कीसाठी लोक रांगा लावायचे.

आणि आता हा अल्बम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लांबच लांब थरथरते सूर, आणि ठोक्याची जागा रिकामी. आता येईल, मग येईल म्हणून माणूस कान टवकारून बसतो आणि तो येतच नाही.

जुने श्रोते खवळले. "मीठच विसरलाय," एकाने लिहिलं. "जिममध्ये लावलं तर मला तिथेच झोप लागली," दुसऱ्याने लिहिलं. 'ठोक्याचा ठोका चुकला' हा विनोद तर इतक्या जणांनी केला की शेवटी करणाऱ्यांनाच त्याचा वीट आला. उलट ज्या मंडळींनी ठोक्याला आजवर दारातही उभं केलं नसतं, ती डोळे मिटून ऐकायला लागली. रिकाम्या जागेत आपल्याच काळजाचा ठोका ऐकू येतो, असं एका समीक्षकाने लिहिलं, आणि ते वाक्य जो तो आपलंच असल्यासारखं मिरवायला लागला. एका नवरा-बायकोने या अल्बमवरून अबोला धरलाय, ही बातमी ठोक्याच्या मॅनेजरने त्याला इतक्या आनंदाने सांगितली की जणू बारशाचंच आमंत्रण.

"भांडताहेत म्हणजे ऐकताहेत," मॅनेजर म्हणाला. हा मॅनेजर म्हणजे त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. आगीतही त्याला उजेडच दिसायचा.

मग मुलाखती सुरू झाल्या. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "ज्या ठोक्याने तुम्हाला नाव दिलं, तोच काढून टाकायचा. केवढा अवघड निर्णय असेल हा!"

ठोक्याने घसा खाकरला. "अवघड होता," तो म्हणाला. बाई अजून वाट बघत होत्या, म्हणून त्याने पुढे जोडलं, "आपण गप्प झालो की जास्त ऐकू येतं, असं माझ्या लक्षात आलं."

बाईंनी मान डोलावली. ठोक्याची कानशिलं तापली. कॅमेऱ्यासमोर लावलेल्या पावडरीखाली आपण लाल झालेले दिसतोय का, या विचाराने तो आणखी लाल झाला. त्याचं वाक्य खोटं नव्हतं, हीच तर खरी पंचाईत होती.

आता खरं काय झालं ते सांगतो. निर्णय वगैरे काही नव्हता. एक बटण दाबलेलं राहिलं होतं.

अल्बम कुठेही न थांबता सलग वाजावा म्हणून ठोक्याने सगळी गाणी एकाच लांब फाइलमध्ये जोडून ठेवली होती. सुरांच्या पट्ट्या वेगळ्या, आवाजांच्या वेगळ्या आणि ठोक्याची पट्टी सगळ्यात खाली. प्रत्येक पट्टीच्या कडेला म्यूटचं एक छोटं बटण. ते दाबलं की तेवढी पट्टी मुकी. काम करताना ते दिवसभरात कितीदा तरी दाबावं लागतं आणि परत सोडावं लागतं. ठोक्याने ते दाबलं आणि सोडायचं राहून गेलं. त्याच दिवशी घरात दवाखान्याची धावपळ झाली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला तेव्हा तो दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. "सगळं तयार आहे, माझ्या खोलीत जा आणि पाठवून दे," एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मॅनेजरने अल्बम जसा होता तसा बाहेर काढला, ऐकला, आणि रडत रडत फोन केला. "काय केलंस रे हे! अंगावर काटा आला." ठोक्याला कळेचना हा कशाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा अल्बम बाहेर गेला होता आणि भांडणं लागली होती.

ही झाली अर्धी गोष्ट. एवढीच असती तर ठोक्याने ती चार मित्रांत टाळ्या देत सांगितली असती. पण बटण का दाबलं होतं, हे तो कुणाला सांगू शकत नव्हता.

त्याचे बाबा बसमध्ये कंडक्टर होते. प्रवासी त्यांना मास्तर म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. त्यांच्या काळच्या बसमध्ये छताला लागून एक दोरी असायची आणि दोरीच्या टोकाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, घंटा. बाबांची सगळी भाषा त्या दोरीत होती. एक बेल म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चल. आणि सलग बेल, एकीला लागून दुसरी, न थांबता, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, असशील तिथे गाडी उभी कर.

ही भाषा घरातही आली. लहानपणी पलंगाची बस व्हायची. ठोक्या पुढे बसून उशीचं स्टिअरिंग फिरवायचा आणि बाबा मागे उभे राहून पलंगाच्या दांडीवर वाजवायचे. सलग वाजलं की ठोक्या दात ओठ खाऊन ब्रेक मारायचा आणि दोघं गादीवर कोसळायचे. आई ओरडायची की पलंग मोडेल. ठोक्या मोठा झाला, बाबांच्या शेजारच्या खोलीत त्याने स्पीकर मांडले, तेव्हा तीच भाषा भिंतीवर गेली. बाबांच्या काठीचा एक ठोका म्हणजे बंद कर, मला झोपायचंय. तासाभराने दोन, म्हणजे उठलो एकदाचा, चालू दे तुझं.

बाबांना हार्ट अटॅक आला तो दुपारी. आई बाजारात गेली होती. घरात बाबा आणि भिंतीपलीकडे ठोक्या. आई परत आली तेव्हा बाबा पलंगावरून खाली पडलेले, काठी हातात. डॉक्टरांनी नंतर रिपोर्ट बघून मान हलवली. "जरा आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. बाबा वाचले, पण हृदयाचा बराच भाग कामातून गेला. आयुष्यभर धावत्या बसमध्ये उभा राहिलेला माणूस आता खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये एकदा थांबून दम घेतो.

दवाखान्यात बाबा शुद्धीवर आले तेव्हा ठोक्या उशाशी होता. तो काही बोलायच्या आत बाबांनी त्याचा हात धरला. "मी वाजवत होतो रे," ते म्हणाले. "पण तुझं ते धडधड चालू होतं. त्यात तुला कसं ऐकू येणार? तू मनाला लावून घेऊ नकोस."

ठोक्याने मान हलवली. बस्स, तेवढंच केलं त्याने. एक मान हलवली, आणि मग ती मान त्याला परत वर करता येईना.

कारण त्याला ऐकू आलं होतं. काठीचा पहिला ठोका आला तेव्हाच त्याने बटण दाबून धडधड बंद केली होती. मग भिंतीपलीकडून पुन्हा ठोका आला, पुन्हा आला, मग येतच राहिला. सलग. खोलीत फक्त बारीक सूर चालू होते आणि त्यांच्यावर प्रत्येक ठोका टिपून घ्यावा इतका स्पष्ट. आदल्याच दिवशी दोघांचं वाजलं होतं. हा काय धंदा आहे, भिंती हलवायचा, असं बाबा म्हणाले होते. ठोक्याच्या डोक्यात तेच होतं. आवाज बंद केला तरी यांचा थयथयाट चालूच, आता काय श्वासही घ्यायचा नाही का, असं तो स्वतःशी म्हणाला. त्याने हेडफोन घातला. त्यातूनही थोडं थोडं ऐकू येत राहिलं. मग ते थांबलं. थांबलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं.

हे शेवटचं त्याला सगळ्यात जास्त खायचं. दाढी करताना, जेवताना, दात घासताना मध्येच आठवायचं, की तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग तो आरशातून नजर काढून घ्यायचा.

बाबा घरी आले. कुणीतरी त्यांना मोबाइलवर नवा अल्बम लावून दिला. त्यांनी तो पूर्ण ऐकला. मग ठोक्याला हाक मारली. त्यांचे डोळे भरले होते.

"माझ्यासाठी काढलास ना ठोका?" ते म्हणाले. "माझ्या छातीला धक्का बसू नये म्हणून?"

ठोक्या दारात उभा होता. आई बाबांच्या मागे उभी राहून पदराने नाक पुसत होती. तो "तसंच काही नाही" असं काहीतरी पुटपुटला आणि आईबाबांनी तो त्याचा मोठेपणा समजला. चांगल्या माणसांपुढे खोटं बोलायची गरजच पडत नाही, ते आपल्यासाठी तीच तयार करून ठेवतात.

त्यानंतर जो घरी येईल त्याला बाबांनी ही गोष्ट सांगितली. दूधवाल्याला सांगितली, दाढीला येणाऱ्या न्हाव्याला सांगितली, मीटर बघायला आलेल्या माणसाला पाणी देऊन सांगितली. "अर्धं जग शिव्या घालतंय माझ्या पोराला. पण हूं नाही की चूं नाही. बापासाठी केलं." ठोक्या घरात असला की अशा वेळी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा.

एकदा बाबांचे जुने ड्रायव्हर आले. दोघांनी कितीतरी वर्षं एकाच गाडीवर काढली होती. ठोक्या त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचा. काकांना आता थोडं कमी ऐकू येत होतं, त्यामुळे ते बोलायचे मोठ्याने. बाबांनी गोष्ट सांगितली. काकांनी ठोक्याच्या पाठीत कौतुकाची थाप मारली.

"अरे, तुझ्या बापाच्या बेलवर मी डोळे मिटून गाडी हाकलीय," ते म्हणाले. "मागे वळून बघायचं नाही, विचारायचं नाही. डबल बेल झाली की सोड गाडी. एकदा भर चढावर सलग बेल दिली यांनी. मागून गाड्या, लोक शिव्या देताहेत. मी तिथेच ब्रेक. खाली उतरून बघतो तर एका म्हातारीचा पदर दारात अडकलेला आणि ती लोंबकळतेय."

"तू तेव्हा 'का' म्हणून विचारलंही नाहीस," बाबा म्हणाले.

"सलग बेलला काय विचारायचं? आधी ब्रेक, मग प्रश्न. काय मास्तर?"

दोघं म्हातारे हसले. ठोक्या चहाचे कप उचलून आत गेला. एक कप विसळायच्या आधीच हातातून सुटून फुटला. आईने "राहू दे रे, मी भरते" म्हटलं, तर तो तिच्यावरच खेकसला, आणि मग खेकसल्याचीही लाज वाटून काचा वेचत बसला.

पुढचं सगळं मॅनेजरमुळे झालं. तो बाबांना भेटायला आला, बाबांनी त्यालाही गोष्ट सांगितली आणि त्याने ती मोबाइलवर घेऊन जगाला दाखवली. पलंगावर बसलेले बाबा, मागे ती भिंत, हातात ती काठी. "या भिंतीवर वाजवत होतो मी," बाबा त्यात म्हणतात, "पण ठोक्यापुढे त्याला ऐकू कसं येणार? म्हणून त्याने ठोकाच काढून टाकला."

जे लोक ठोक्याला शिव्या देत होते, ते विरघळले. 'मीठ विसरलाय' लिहिणाऱ्याने लांबलचक माफी मागितली. आपण आपल्या वडिलांना फोन केल्याचं शेकडो जणांनी कळवलं. कुणीतरी त्याला श्रावणबाळ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. भांडणारे दोन्ही पक्ष एकत्र आले. फक्त ठोक्या एकटा पडला. शिव्या होत्या तोवर त्याला निदान झोप लागत होती. शिव्या खाताना त्याला आत कुठेतरी वाटायचं की हिशेब थोडा तरी फिटतोय. आता लोक हार घालायला लागले.

"ती चित्रफीत काढून टाक," तो मॅनेजरला म्हणाला.

"वेडा आहेस का?" मॅनेजर म्हणाला. "मोठा हॉल ठरवलाय मी. अख्खा अल्बम तसाच्या तसा वाजवायचा. बाबा पहिल्या रांगेत. नुसते बसले तरी लोक रडतील."

आणि बाबा तर जायला तयार होते. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. आईने त्यांचा चांगला शर्ट इस्त्री करून दाराच्या मागे टांगला होता. ड्रायव्हरकाका मदतीला येणार होते. घरात लग्नघाई असावी तशी गडबड. ठोक्याने आठवडाभर रोज सकाळी ठरवलं की आज सांगायचं. रोज रात्री त्याला सबब सापडली. बाबांचं हृदय कमजोर आहे, धक्का बसेल, ही सबब सगळ्यात चांगली होती, कारण ती खरीही होती. पण तिच्यामागे आपण लपलोय हे त्याला माहीत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आई गाडी सांगायला खाली गेली. बाबांनी हाक मारली. शर्टाच्या बाहीचं बटण त्यांना लावता येत नव्हतं, बोटं थरथरत होती. ठोक्या त्यांच्यासमोर खाली बसला आणि त्याने त्यांची बाही हातात घेतली. बाबांच्या मनगटाची नाडी त्याच्या अंगठ्याखाली लागली.

"बाबा," तो म्हणाला, "ठोका मी काढला नाही."

"म्हणजे?"

"बटण दाबलेलं राहिलं. चुकून गेलं तसंच."

बाबांना हसू आलं. "अरे, मग चुकून तर चुकून. लोकांना कशाला सांगत बसतोस? झाकली मूठ राहू दे." मग ते थोडं थांबले. विनातिकीट प्रवाशाला अर्ध्या उत्तरावर सोडायची त्यांना सवय नव्हती. "कधी दाबलंस?"

"त्या दुपारी. तुम्ही पहिल्यांदा वाजवलंत तेव्हाच."

"छे," बाबा म्हणाले. "तेव्हा तर चालू होतं तुझं. मला ऐकू येत होतं ना. खाली पडलो तरी ऐकू येत होतं. धडधड, धडधड. मी म्हटलं, हा काही थांबत नाही आता."

ठोक्याने बाहीवरून नजर काढली नाही. "तो आवाज माझा नव्हता, बाबा."

 बाबांचा दुसरा हात हळूहळू वर आला आणि छातीवर जाऊन थांबला.

"माझा?"

ठोक्याने मान हलवली.

खालून आईचा आवाज येत होता, ती गाडीवाल्याशी घासाघीस करत होती. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. काठी वाजवून वाजवून तिथे एका जागी रंग उडाला होता.

"मग तुझ्याकडे सगळं शांत होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"म्हणजे तुला ऐकू आलं."

"हो."

"सलग?"

"सलग."

"सलग म्हणजे काय ते माहीत होतं तुला."

"हो, बाबा."

"मग काय केलंस?"

"हेडफोन घातला."

पुढचं सांगायचं राहिलं होतं. ते थांबल्यावर बरं वाटलं, हे. त्याने तोंड उघडलं, पण ते वाक्य काही केल्या बाहेर येईना, आणि कबूल करतानाही आपण थोडं स्वतःसाठी ठेवून घेतोय याची त्याला शिसारी आली.

बाबांनी हात सोडवून घेतला. झटका दिला नाही, नुसता काढून घेतला, आणि बाहीचं बटण स्वतः लावायला लागले. बटण काजाजवळ जायचं आणि निसटायचं. पुन्हा जायचं, पुन्हा निसटायचं. ठोक्या समोर बसून बघत राहिला. हात पुढे करायची त्याची छाती झाली नाही.

जिन्यात आईची पावलं वाजली.

"आईला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "तिला तुझ्याबरोबर राहायचंय या घरात."

"तुम्ही आज येऊ नका, बाबा. तब्येतीचं सांगतो मी."

"शर्ट घातलाय," बाबा म्हणाले. बटण अजून लागलं नव्हतं. आई आत आली, "अगंबाई, एवढंसं बटण लावता आलं नाही दोघांना?" म्हणून तिनेच ते लावलं.

हॉल भरला होता. ज्यांना ठोका हवा होता तेही आले होते आणि ज्यांना नको होता तेही. स्टेजवर एक टेबल, त्यावर ठोक्याचा लॅपटॉप आणि यंत्रं. तो येऊन उभा राहिला तेव्हा टाळ्यांनी छत हललं. पहिल्या रांगेत आई, बाबा आणि ड्रायव्हरकाका. बाबांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. ते ठोक्याकडे बघत होते. घरून निघाल्यापासून ते त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते, पण सगळ्यांशी हसून बोलले होते.

ठोक्याने ठरवलं होतं की कुणाला बोलू द्यायचं नाही, लगेच सुरुवात करायची. पण मॅनेजर माइक घेऊन खाली उतरला होता. "सुरू करण्याआधी," तो म्हणाला, "ज्यांच्यामुळे हे संगीत जन्माला आलं, त्यांचे दोन शब्द." आणि त्याने माइक बाबांपुढे धरला.

 ठोक्याने टेबलाची कड धरली.

बाबा उठले. काकांनी दंडाला धरलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. उभं राहून त्यांनी दम घेतला. सगळा हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत माइकमधून त्यांचा श्वास मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मी भिंतीवर वाजवलं," बाबा म्हणाले. पुन्हा दम घेतला. "आणि माझ्या मुलाने ऐकलं."

मागे कुणीतरी हुंदका दिला. बाबा अजून बसले नव्हते. ते ठोक्याकडेच बघत होते.

"त्याला सगळं ऐकू आलं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत."

लोक उभे राहिले. मॅनेजरने डोळे पुसले, आईने बाबांच्या पाठीवर हात ठेवला, ड्रायव्हरकाका ऐकू आलं नसतानाही सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या वाक्याचा अर्थ फक्त दोघांना कळला होता. ठोक्याला वाटलं, आता माइक मागावा आणि सगळं सांगून टाकावं. पण आई तिथे बसली होती. आईला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. बाबांनी त्याची ती वाटही बंद केली होती, आणि ती त्याला वाचवण्यासाठी बंद केली की शिक्षा म्हणून, हे त्याला कळेना. कदाचित त्यांनाही कळत नसेल.

टाळ्या ओसरल्या. लोक बसले. बाबाही बसले. दिवे मंद झाले. ठोक्याचं बोट सुरू करायच्या बटणावर होतं, पण ते हलेना. क्षण गेला, दुसरा गेला. खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीतरी खोकलं. मॅनेजर विंगेतून हातवारे करायला लागला.

तेव्हा खालून आवाज आला. लाकडी जमिनीवर काठीचे दोन ठोके, एकाला लागून एक.

ड्रायव्हरकाकांना तेवढं मात्र बरोबर ऐकू आलं. "डबल बेल!" ते अंधारात ओरडले. "सोड रे गाडी!"

हॉल खळखळून हसला. ठोक्याने बाबांकडे बघितलं नाही. मान खाली घातली आणि गाडी सोडली.